समाज आणि उत्क्रांतिवाद : वाद कुठवर आला?

प्रश्न

२०२५ सालचे अर्थशास्त्राचे नोबेल जोएल मोकीर, फिलिप अगियाँ आणि पीटर हॉविट या तिघांना मिळाले. मोकीर हे आर्थिक इतिहासकार. औद्योगिक क्रांतीच्या आधी युरोपात कल्पना कशा निपजल्या, त्यांतल्या कोणत्या टिकल्या आणि कशा पसरल्या, याची मांडणी त्यांनी सांस्कृतिक उत्क्रांतीच्या परिभाषेत केली आहे. अगियाँ आणि हॉविट यांनी नवे तंत्र जुन्याला बाजारातून कसे हुसकावते, याचे गणित मांडले. या पुरस्कारामुळे एक जुना वाद पुन्हा चर्चेत आला. जीवसृष्टीतला बदल समजावणारा डार्विनचा सिद्धांत समाजातला आणि बाजारातला बदलही समजावू शकतो का?

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात हा प्रश्न पुस्तकात मावत नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. १७६३ मध्ये निजामाची राजधानी हैदराबादला गेली आणि इथल्या कारागिरांचा दरबारी आश्रय आटला. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, १९८५ मध्ये वाळूजला बजाज आली आणि शहराची ओळख गाड्यांच्या सुट्या भागांशी जोडली गेली. हिमरू या कापडाचे माग मोजके उरले, ऊस पसरला आणि नळाच्या पाण्याची वाट पाहणे अंगवळणी पडले. काय टिकले, काय गेले आणि ते का, हेच उत्क्रांतिवादाला विचारायचे आहे.

डार्विनच्या सिद्धांताचे तीन पाय आहेत. एकाच जातीतल्या जिवांत फरक असतात. परिस्थितीमुळे त्यांतले काही अधिक टिकतात. टिकलेले गुण पुढच्या पिढीकडे जातात. म्हणजे विविधता, निवड आणि वारसा. हा सिद्धांत समाजाला लावणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे द्यायला हवीत. इथे कशात फरक आहे? निवड कोण करते? निवडलेले पुढे कसे पोचते? या आढाव्यात प्रत्येक मांडणी याच तीन प्रश्नांवर तपासली आहे. माझ्या मते या वादातला बराचसा गोंधळ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गृहीत धरल्यामुळे झाला आहे.

पार्श्वभूमी : दोन वेगळे प्रवाह

जीवशास्त्र आणि अर्थविचार यांच्यातली देवाणघेवाण सुरुवातीपासून दुहेरी आहे. डार्विनने १८३८ मध्ये माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचला आणि त्यातून जीवनकलहाची कल्पना त्याच्या मनात पक्की झाली. त्याचा मुख्य ग्रंथ १८५९ मध्ये आला. हर्बर्ट स्पेन्सर मात्र त्याआधीपासूनच समाजाच्या उत्क्रांतीविषयी लिहीत होता. सर्वांत लायक तोच टिकतो, या अर्थाचा प्रसिद्ध शब्दप्रयोगही त्याचाच, १८६४ सालचा.

इथेच दोन प्रवाह एकमेकांत मिसळले. पहिल्याच्या मते समाज ठरावीक पायऱ्या चढत जातो: साध्याकडून गुंतागुंतीकडे, रानटीपणाकडून सभ्यतेकडे. स्पेन्सर आणि १८७७ मध्ये ‘एन्शंट सोसायटी’ लिहिणारा मॉर्गन या प्रवाहातले. दुसरा प्रवाह खुद्द डार्विनचा. त्यात शिडी नाही आणि मुक्कामाचे गावही नाही. आजच्या परिस्थितीत जे जमून गेले तेवढेच टिकते. वसाहतींच्या काळात पहिल्या प्रवाहाने राज्यकर्त्यांना वरच्या पायरीवर बसवले, आणि त्याचा बोल दुसऱ्यालाही लागला.

महाराष्ट्रात या विचारांचे स्वागत लवकर झाले. गोपाळ गणेश आगरकरांवर मिल आणि स्पेन्सर यांचा गाढा प्रभाव होता. १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला तो समाज सतत बदलत असतो या भूमिकेवर. रूढी विशिष्ट परिस्थितीत जन्मतात आणि परिस्थिती पालटली की त्यांनी पालटायला हवे, हे त्यांच्या सुधारणावादाचे सूत्र होते. लोकमान्य टिळकांनी १९१५ च्या ‘गीतारहस्या’त पाश्चात्त्य उत्क्रांतिवादाची तुलना सांख्यांच्या सृष्टिक्रमाशी केली. म्हणजे सुधारकाने उत्क्रांतीत बदलाची हमी पाहिली, तर टिळकांनी ती परंपरेतल्या तत्त्वविचाराशी जोडून वाचली. या सिद्धांतातून कोणताही एकच राजकीय निष्कर्ष आपोआप निघत नाही, याचा हा पहिला मराठी पुरावा.

त्यानंतर काळा अध्याय आला. माणसाची पैदास ‘सुधारण्या’च्या नावाखाली सुप्रजननशास्त्राने वंशभेदाला विज्ञानाचा मुलामा दिला. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर याच्या हाताखाली संशोधन करत होत्या. कवट्यांच्या मोजमापातून वंशश्रेष्ठत्व सिद्ध होईल अशी तिथली अपेक्षा होती. इरावतीबाईंच्या मोजमापांनी तिला दुजोरा दिला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर समाजशास्त्रात उत्क्रांतीचे नाव काढणेच बराच काळ अवघड झाले, त्याचे कारण हा इतिहास आहे.

जातीची कसोटी

भारतात उत्क्रांतिवादी विचाराची खरी कसोटी जातीच्या प्रश्नावर लागली. इथे तीन मांडण्या महत्त्वाच्या आहेत.

पहिली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी जातीच्या उगमावर निबंध वाचला. जातीचा गाभा म्हणजे गटातल्या गटात लग्न. एका वरच्या वर्गाने स्वतःला कोंडून घेतले. इतरांनी त्याचे अनुकरण केले, आणि काही गट इतरांनी दारे लावल्यामुळे आपोआप वेगळे पडले. प्रसाराच्या या यंत्रणेसाठी त्यांनी गाब्रिएल तार्द आणि वॉल्टर बॅजट यांच्या अनुकरणविषयक विचारांचा आधार घेतला. बॅजटचे १८७२ चे पुस्तक हा निसर्गनिवडीचे तत्त्व राज्यव्यवस्थेला लावण्याचा सुरुवातीचा प्रयत्न होता. आपल्या तीन प्रश्नांना या निबंधात थेट उत्तरे मिळतात. फरक विवाहाच्या नियमांत आहे, वारसा अनुकरणातून चालतो आणि निवड प्रतिष्ठेच्या उतरंडीमुळे होते. आज सांस्कृतिक उत्क्रांतीचे अभ्यासक प्रतिष्ठितांचे अनुकरण ही स्वतंत्र यंत्रणा मानतात; हा निबंध त्यांच्या कितीतरी आधीचा आहे.

दुसरी मांडणी इरावतीबाईंची. एक अखंड समाज फुटून जाती झाल्या, असे त्या मानत नाहीत. मुळातच वेगळे असलेले गट शेजारी शेजारी येऊन एका चौकटीत बसले, असे त्यांनी ‘हिंदू सोसायटी : अॅन इंटरप्रिटेशन’मध्ये दाखवले.

तिसरी माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांची, १९८३ सालची. त्यांनी जातीकडे पर्यावरणाच्या अंगाने पाहिले. महाराष्ट्रातल्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या भटक्या गटांच्या शिकारीच्या पद्धती त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बारकाईने नोंदवल्या. फासेपारधी फासे लावून हरणे आणि पक्षी पकडत. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने घोरपड, रानडुक्कर यांच्या मागे असत. वैदूंचा भर लहान मांसभक्षक प्राणी, कासव, खेकडे यांच्यावर. एकाच मुलुखात फिरणारे गट वेगवेगळ्या साधनांवर जगत आणि त्यामुळे त्यांच्यातली स्पर्धा कमी राही. एखाद्या साधनावर एकाच गटाचा पिढीजात हक्क असला की ते जपून वापरण्याची प्रेरणा त्या गटाला मिळते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या मांडणीवरचा आक्षेपही तितकाच वजनदार आहे. साधनांची वाटणी झाली हे खरे, पण ती केली कोणी? जमीन, विहीर आणि देऊळ कोणाच्या ताब्यात राहिले? आंबेडकरांनी १९३६ च्या ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातीचे श्रमविभागणी म्हणून केलेले समर्थन नाकारले, कारण तिथे कामाबरोबर माणसांचीच उतरंड लावली जाते. वंशशुद्धीच्या नावाने केलेले समर्थनही त्यांनी त्याच भाषणात खोडून काढले. गाडगीळांच्या बाजूने असे म्हणता येईल की एखादी व्यवस्था निसर्गाशी कशी जुळली हे सांगणे म्हणजे ती न्याय्य ठरवणे नव्हे. दोन्ही बाजू समोर ठेवल्या की खरा मुद्दा दिसतो. ‘जुळवून घेतले’ असे म्हणताना कशाशी आणि कोणाच्या सोयीने, हे सांगावेच लागते.

अर्थशास्त्राची वाट

अर्थशास्त्रात थॉरस्टीन व्हेब्लेनने १८९८ मध्येच हे शास्त्र उत्क्रांतिवादी का नाही, असा सवाल केला होता. शुंपेटरने १९४२ मध्ये भांडवलशाहीला सर्जक विध्वंसाची अखंड प्रक्रिया म्हटले. जुने मोडत नवे घडवत राहणे हाच तिचा स्वभाव. १९५० मध्ये आर्मेन अल्शियन यांनी वेगळाच मुद्दा मांडला. कंपन्यांना नफ्याचे गणित अचूक कळत नसले तरी हरकत नाही. ज्यांचे योगायोगाने बरोबर जमते त्याच उरतात. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ मध्ये याच तर्काच्या आधारे नफा कमाल करण्याचे गृहीतक सावरले.

एडिथ पेनरोझ यांनी १९५२ मध्ये यावर कडक टीका केली. कंपनी हा सजीव नाही. माणसे विचार करून ठरवतात, परिस्थितीला वळण देतात. जीवशास्त्रातल्या उपमेने हा हेतूच झाकला जातो, असे त्यांचे म्हणणे. ही टीका आजही जुनी वाटत नाही.

रिचर्ड नेल्सन आणि सिडनी विंटर यांच्या १९८२ च्या ग्रंथाने चर्चेला नवा पाया दिला. त्यांच्या मते कंपनीचा वारसा तिच्या कामाच्या रुळलेल्या पद्धतींत असतो: माल कसा घ्यायचा, दर्जा कसा तपासायचा, नवा कामगार कसा शिकवायचा. अडचण आली की कंपनी शोध घेते, त्यातून पद्धतीत फरक पडतो आणि बाजार निवड करतो. मुद्दाम केलेल्या शोधालाही इथे जागा आहे. त्यामुळे पेनरोझ यांच्या आक्षेपाचे काही प्रमाणात समाधान होते.

वाळूजचा दाखला

स्टीव्हन क्लेपर यांनी डेट्रॉइटच्या मोटार उद्योगाचा अभ्यास करून दाखवले की उद्योग एका गावात दाटीने वाढतो तो यशस्वी कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांमुळे. ते स्वतःचा कारखाना काढतात आणि शिकलेल्या पद्धती सोबत नेतात. चांगल्या कंपनीची ‘लेकरे’ही चांगली निघतात. रॉन बोश्मा आणि कोएन फ्रेंकेन यांच्या आर्थिक भूगोलाच्या मांडणीचा सूर असाच आहे. एखादा प्रदेश नव्या धंद्यात शिरतो तो आधीच्या कसबाला लागून असलेल्या वाटेने.

वाळूजची गोष्ट या चौकटीत बऱ्यापैकी बसते. बजाजचा कारखाना आला त्याच सुमारास राहुल बजाज यांचे भाचे अनुरंग आणि तरंग जैन यांनी इथे अॅल्युमिनियमच्या सुट्या भागांचे काम सुरू केले. त्यातून एंड्युरन्स वाढली, आणि तरंग जैन यांनी नंतर व्हॅरॉक उभी केली. ग्राहक स्कूटरकडून मोटारसायकलकडे वळला. बजाजने २००९ च्या अखेरीस स्कूटर थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. इथले पुरवठादार मात्र मोटारसायकल आणि तीनचाकीच्या भागांवर तगले, कारण ओतकाम आणि जोडणीचे कसब त्यांच्या हाताशी होते. २०१९-२० मध्ये बजाजची चेतक स्कूटर विजेवर धावत परतली. २०२४ मध्ये शहरालगतच्या ऑरिक या औद्योगिक नगरीच्या बिडकीन भागात एथरने विजेवरच्या दुचाकींचा प्रकल्प जाहीर केला आणि टोयोटा किर्लोस्करने मोठ्या गुंतवणुकीचा करार केला. जुन्या कसबाला लागूनच नवे उगवते, याचे हे ठसठशीत उदाहरण वाटते.

निवडीची दुसरी बाजूही याच पट्ट्यात आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावात कारखाना असलेली व्हिडिओकॉन टीव्हीच्या काळात घराघरांत पोचली होती; २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. व्हॅरॉकने २०१२ मध्ये परदेशातला गाड्यांच्या दिव्यांचा मोठा व्यवसाय विकत घेतला आणि दहा वर्षांनी त्यातला युरोप-अमेरिकेतला भाग विकून टाकला. एंड्युरन्स आणि व्हॅरॉकचे मूळ एकच, तरी वाटा वेगळ्या झाल्या. हाच तो फरक, ज्यावर निवड काम करते.

याला पर्यायी स्पष्टीकरणही आहे. राज्याने १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापली, १९६४ पासून मागास भागातल्या उद्योगांना सवलती दिल्या आणि जायकवाडीचे पाणी उपलब्ध केले. जमीन, पाणी, सवलत आणि रस्ता या चार गोष्टी नसत्या तर कोणते कसब इथे रुजले असते? नातेसंबंध आणि भांडवल यांचा वाटाही मोठा. उत्क्रांतिवादी याला उत्तर देतात की सरकारने निवडीची परिस्थिती घडवली आणि आत काय टिकले ते कंपन्यांच्या पद्धतींनी ठरवले. धोरणाचे अभ्यासक म्हणतात की परिस्थितीच सारे ठरवत असेल तर उत्क्रांतीची भाषा हवीच कशाला? हा वाद अजून मिटलेला नाही.

हिमरू, पैठणी आणि टिकण्याचा अर्थ

हिमरूत उभा धागा सुती आणि नक्षीचा आडवा धागा रेशमी. दरबारी किनखापाला तो तुलनेने परवडणारा पर्याय होता. पूर्वी नक्षीसाठी मागावर दोऱ्यांची जाळी बांधत आणि एक माणूस विणकराच्या इशाऱ्याने ते दोरे ओढी. पुढे जकार्डच्या भोकांच्या पत्त्यांनी ते काम घेतले. म्हणजे हिमरूने तंत्र बदलले, तरीही तो आक्रसला.

पैठणीचे तसे झाले नाही. तिचा पदर लहान लहान कांड्यांनी, रंगागणिक धागा अडकवत विणतात, म्हणून दोन्ही बाजू सारख्या दिसतात. ही कला पैठणपेक्षा येवल्यात जोमाने वाढली आणि शासनाने पैठणला पैठणी केंद्र काढून तिला मूळ गावी आधार दिला. आता बाजारात यंत्रावरची ‘सेमी पैठणी’ सर्वत्र दिसते. तिने हातमागाचे गिऱ्हाईक पळवले की पैठणीची हौस गावोगाव पोचवली? दोन्ही म्हणता येते. इथे सिद्धांताची खरी अडचण पुढे येते. टिकले काय: नक्षी, तंत्र, नाव की विणकराचे पोट? यांतले एक टिकून दुसरे बुडू शकते. ‘पैठणी टिकली’ या वाक्याने विणकराच्या मजुरीबद्दल काहीच कळत नाही.

ऊस, शेततळे आणि अडकलेली वाट

पॉल डेव्हिड आणि ब्रायन आर्थर यांनी १९८० च्या दशकात दाखवले की सुरुवातीच्या लहानशा निवडीमुळे अख्खी व्यवस्था एका वाटेत अडकू शकते. मग दुसरी वाट चांगली असली तरी तिकडे वळणे महाग पडते. मराठवाड्यातला ऊस हे त्याचे जवळचे उदाहरण. विभागाचा सरासरी पाऊस सुमारे ६८० मिलिमीटर, आणि २०१२-१३, २०१५-१६ च्या दुष्काळांनी तोही किती बेभरवशाचा ते दाखवले. तरी ऊस का टिकतो? कारखाना उभा आहे, दराची हमी आहे, कर्ज मिळते, तोडणीची व्यवस्था आहे. शेतकऱ्याने घेतलेला निर्णय त्याच्या परीने शहाणपणाचा असतो. विभागाच्या पाण्याचा हिशेब मात्र चुकतो.

शेततळ्यांत हाच पेच आणखी स्पष्ट होतो. २०१६ च्या ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेनंतर शेततळी वाढली. पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवले तर फायदा सगळ्यांचा. पण प्लास्टिक अंथरलेले तळे विहिरीतून उपसून भरले की एकाची बाग वाचते आणि शेजाऱ्याची विहीर आटते. निवड व्यक्तीच्या पातळीवर होते की गटाच्या, हा जीवशास्त्रातला जुना वाद इथे बांधाबांधावर उभा आहे. गट स्वतःचे नियम करून सामायिक साधन सांभाळू शकतो हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या उदाहरणांनी दाखवले. ते नियम कुठे रुजतात आणि कुठे नाही, हा प्रश्न मराठवाड्यासाठी जिव्हाळ्याचा आहे.

आजच्या भूमिका

सध्या चार भूमिका ठळक दिसतात. जेफ्री हॉजसन आणि थोरब्योर्न क्नुडसेन यांच्या मते विविधता, निवड आणि वारसा ही तत्त्वे कोणत्याही बदलत्या व्यवस्थेला लागू पडतात, फक्त तपशील वेगळे असतात. उलरिख विट यांना ही ओढाताण वाटते. निसर्गातल्या उत्क्रांतीने माणूस घडवला आणि संस्कृती त्या पायावर पण स्वतःच्या नियमांनी बदलते, असे ते मानतात. रॉबर्ट बॉइड आणि पीटर रिचरसन यांनी १९८५ पासून अनुकरण, शिक्षण आणि प्रतिष्ठा यांची गणिती प्रारूपे करून संस्कृतीच्या वारशाला मोजता येईल असे रूप दिले. चौथी भूमिका विरोधकांची. जोसेफ फ्रॅकिया आणि रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९९९ मध्ये म्हटले की संस्कृतीचे सुटे कण करून मोजले की सत्ता, वर्ग आणि इतिहास हातातून निसटतात.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न एककाचा आहे: निवड सवयीची, कंपनीची की समूहाची? दुसरा हेतूचा. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून राज्यभर आलेली रोजगार हमी योजना माणसांनी विचारपूर्वक घडवली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ च्या देशव्यापी कायद्यामागे तिचा अनुभव होता. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये या शहरात काढलेले महाविद्यालय, आजचे मिलिंद, हेही तसेच: कोणाला पुढे जाता येईल याची अटच त्याने बदलली. असा ठरवून केलेला बदल विविधतेत धरायचा की निवडीत? तिसरा प्रश्न सत्तेचा. निवडीच्या अटी ज्यांच्या हातात आहेत ते स्वतःही निवडीच्या कचाट्यात असतात का? चौथा भाकिताचा. टिकलेल्याकडे पाहून टिकण्याचे कारण सांगणे सोपे असते. बिडकीनमध्ये पुढच्या वीस वर्षांत कोणते धंदे तगतील, हे आधी सांगून पडताळणे अवघड.

हा पडताळा याच शहरात घेता येईल. वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्र्यातल्या कारखान्यांची जन्म-मृत्यूची नोंदवही हवी. प्रत्येक कारखाना कोणत्या वर्षी निघाला, मालक आधी कुठे काम करत होता, उत्पादन कधी बदलले, बंद कधी पडला आणि बंद पडल्यावर कामगार कुठे गेले. विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग, उद्योजकांची सीएमआयए आणि कामगार संघटना यांनी मिळून हे केले, तर क्लेपर यांचा वारशाचा सिद्धांत आणि धोरणवाद्यांचा सवलतींचा युक्तिवाद एकाच माहितीवर तपासता येतील. यातला शेवटचा रकाना, कामगारांचा, वगळता कामा नये. कारखान्याच्या जगण्या-मरण्याची नोंद ताळेबंदात सापडते; त्यावर पोट असलेल्यांची सापडत नाही. उत्क्रांतिवादाने समाजाच्या अभ्यासाला बदलाकडे पाहण्याची शिस्त दिली आहे. टिकलेल्याला योग्य ठरवण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. तो निर्णय माणसांनी कारणे देऊन, उघडपणे घ्यायचा असतो.